गोबरगॅस बघायला नेपाळला

आमच्या गावाकडच्या घराच्या परसात, गोठ्याच्या मागं, एक गोल खड्डा आहे. त्यावर शहाबादी फरश्या टाकल्यात आणि फरश्यांवर काकूचं वाळवण असतं. खाली गोबरगॅस आहे. म्हणजे होता. त्याची लोखंडी टाकी गॅस साठला की वर यायची, संपला की खाली बसायची. आम्ही पोरं तिच्यावर चढून "चढला, चढला" ओरडायचो आणि आजी काठी घेऊन मागं लागायची. दरवर्षी तिला रंग द्यायचा असतो हे कुणीतरी सांगितलं होतं, पण दिला कुणीच नाही. काही वर्षांत पत्रा गंजून भोकं पडली, दुरुस्तीला माणूस मिळेना, टाकी भंगारात गेली आणि घरात सिलिंडर आला.

त्याच शेणावर नेपाळमध्ये तीन लाखांहून जास्त गोबरगॅस बांधले गेले आणि त्यांच्या जोरावर त्या देशानं कार्बन विकला, म्हणजे न झालेल्या धुराचे परदेशाकडून पैसे घेतले, हे वाचल्यापासून डोक्यात किडा वळवळत होता. आमचाच का मेला? मार्चअखेरीस आठ दिवसांची रजा काढली. जातोच आहे तर तिथली ओढ्यावरची छोटी वीजकेंद्रंही बघायची ठरवली. बायको म्हणाली, "लोक पशुपतिनाथाला जातात, तुम्ही शेण बघायला चाललाय." आणि स्वतःऐवजी भावाला पाठवलं. मेव्हण्याचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, पंप आणि मोटारी दुरुस्त करायचं. तो मला दाजी म्हणतो. नेपाळीत थोरल्या भावाला दाजु म्हणतात. त्यामुळं हा बाजारात "ओ दाजी" अशी हाक मारायचा आणि तिघं-चौघं वळून बघायचे.

पहिला दिवस : काठमांडू

विमानतळाबाहेर पडल्यावर धूळ आणि हॉर्न. त्यात एक बुटका, पांढरा, तीन चाकांचा टेम्पो आवाज न करता शेजारून गेला. सफा टेम्पो. सफा म्हणजे आपलं साफ. काठमांडूत पूर्वी डिझेलचे विक्रम टेम्पो धूर ओकत फिरायचे. १९९३ साली त्यातल्याच एकाला बॅटरी बसवून प्रयोग झाला, १९९६ पासून हे विजेचे टेम्पो रीतसर धावू लागले आणि १९९९ मध्ये डिझेलवाले खोऱ्यातून हद्दपार झाले. आपल्याकडं ई-रिक्षाचं नाव निघायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. चालवणाऱ्यांत बायका पुष्कळ. आम्ही ज्यात बसलो तोही एक बाईच चालवत होत्या. मागच्या दोन बाकड्यांवर दहा जण गुडघ्याला गुडघा लावून. मेव्हण्याचं लक्ष बॅटरीकडं. "शिश्याची हाय दाजी. केवढं वजन वढत असंल बिचारं."

संध्याकाळी हॉटेलमालकाशी गप्पा. २००८-०९ च्या हिवाळ्यात इथं दिवसाला सोळा तास वीज नसायची. तेव्हाचा इन्व्हर्टर त्यांनी अजून जिन्याखाली ठेवलाय. "काढून टाकायला भीती वाटते," म्हणाले. ते भारनियमन २०१६ च्या शेवटी, कुलमान घिसिंग वीज प्राधिकरणात आल्यावर, काठमांडूपुरतं तरी अचानक थांबलं. त्यांचं नाव इथं रिक्षावाल्यापासून पुजाऱ्यापर्यंत सगळे घेतात. वीजखात्याच्या साहेबाचं नाव कौतुकानं घेणारी माणसं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

दुसरा दिवस : फर्पिंग

दक्षिणकालीच्या रस्त्यावर, काठमांडूपासून तासाभरावर. तेव्हाचे पंतप्रधान चंद्र शमशेर राणा यांनी १९११ साली इथं ५०० किलोवॅटचं जलविद्युत केंद्र उभारलं. आपलं टाटांचं खोपोली १९१५ चं, म्हणजे हे चार वर्षांनी थोरलं. तेव्हा काठमांडूपर्यंत मोटाररस्ता नव्हता. मोटाररस्ता आला १९५६ मध्ये. विलायती यंत्रं आणि लोखंडी पाइप हे माणसांच्या पाठीवरून डोंगर चढून आले.

वीज अर्थातच राजवाड्यांसाठी होती. बाकीच्या देशाला पुढं कित्येक वर्षं फारसं काही मिळालं नाही, आणि म्हणूनच गावागावांत स्वतःची छोटी वीज करायची वेळ आली. पाण्यावरची पीठगिरणी, जिला इथं घट्ट म्हणतात, ती तर डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या होतीच. लाकडी पंखांच्या जागी लोखंडी वाट्या बसवल्या की तीच गिरणी दुप्पट दळते. त्यातून पुढं पट्टा काढून भाताची गिरणी, मग डायनामो. बालाजूच्या आणि बुटवलच्या कारखान्यांनी स्विस आणि नॉर्वेच्या लोकांच्या मदतीनं साठच्या दशकापासून हे काम हातात घेतलं. म्हणजे टर्बाइन परदेशातून न आणता इथंच वेल्डिंग करून बनवायचं. मेव्हण्याला हे फार पटलं. "इथं केलंय म्हंजे इथं दुरुस्त हुतंय."

तिसरा दिवस : बस

काठमांडू ते पोखरा दोनशे किलोमीटर, लागले अकरा तास. रस्ता जागोजागी उकरलेला. मुगलिंगच्या अलीकडं टायर बसला, दीड तास तिथंच. पोखऱ्यात पोचलो तर अन्नपूर्णा गायब. मार्चमध्ये वणव्यांचा धूर खोऱ्यात कोंडतो, डोंगर दिसतच नाहीत. फेवा तलावात करड्या आभाळाचं प्रतिबिंब होतं. डाळभात खाऊन झोपलो.

चौथा आणि पाचवा दिवस : बागलुंग

पोखऱ्याहून बागलुंग सत्तरएक किलोमीटर. खाली काळी गंडकी, जिच्या पात्रात शाळिग्राम सापडतात. आईसाठी एक घेतला, खरा की खोटा ते विष्णूलाच ठाऊक. बागलुंग बाजारातून जीपनं दोन तास, पुढं पाऊण तास पायी, आणि एका वस्तीतल्या गुरुंग कुटुंबात मुक्काम. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या माणसांनी मोकळेपणानं बोलून दाखवलं, ते गावाच्या नावानिशी छापायचं नाही.

या जिल्ह्यात ओढ्यावरची असली छोटी वीजकेंद्रं खूप. कालुंग ओढ्याच्या खोऱ्यात तर शेजारशेजारच्या सहा केंद्रांनी, कुणाचं ९ किलोवॅट, कुणाचं २६, असं करून १०७ किलोवॅटचं आपलं चिमुकलं ग्रीड जोडलं होतं. एकाचं टर्बाइन बंद पडलं की शेजाऱ्यानं वीज द्यायची. पाहुणे आले की साखर मागतात तसं.

आम्ही पाहिलेलं केंद्र म्हणजे ओढ्याच्या काठावर दगडी भिंतींची, पत्र्याची खोली. वर डोंगरात ओढ्याला छोटा बांध, तिथून कडेकडेनं येणारा पाट, त्याला कुलो म्हणतात. पाटाच्या शेवटी हौद आणि हौदातून उतारावर सरळ खाली येणारा लोखंडी पाइप. हिशेब सोपा आहे. सेकंदाला साठ लिटर पाणी पन्नास मीटर खाली आणलं की वाटेतली सगळी तूट धरून पंधराएक किलोवॅट हाती लागतात. धरण नाही, कुणाचं घर बुडत नाही. पाणी टर्बाइनमधून निघून पुन्हा ओढ्याला मिळतं.

ऑपरेटर दाजु पन्नाशीचे. तरुणपणी सहा वर्षं पिंपरीत एका कारखान्याच्या कँटीनमध्ये होते. मराठी विसरलोय म्हणाले आणि लगेच विचारलं, "वडापाव केवढ्याला झाला?"

खोलीत शिरताच मेव्हणा गप्प झाला. मान तिरकी करून ऐकत राहिला. मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, टोक टर्बाइनच्या बेअरिंगच्या घरावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. असं दोन्ही बाजूंना केलं. "दाजी, हिकडं कान लावा. खरखर ऐकू येतीय?" मला सगळीच खरखर वाटत होती. दाजु मात्र हसले. कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली, आतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं नवंकोरं बेअरिंग काढून मेव्हण्याच्या हातात दिलं. त्यांनाही दहा दिवसांपासून ऐकू येत होतं. पाणी आणखी कमी होऊन दुपारचा लोड उतरला की बदलणार होते. बुटवलहून मागवायचं तर दोन दिवस जातात, म्हणून एक कायम पेटीत. पैसे केंद्र चालवणाऱ्या गावच्या कमिटीच्या खात्यातून. या दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, पण पुढचा तासभर मी तिथं नसल्यातच जमा होतो.

भिंतीपलीकडं एक पाण्याची टाकी गुरगुरत होती, वर वाफ. मला वाटलं चहाची सोय. ती लोड सांभाळायची युक्ती निघाली. टर्बाइनवर पाणी एकसारखं पडतं, पण गावात कधी दिवे लागतात, कधी गिरणी बंद होते. लोड एकदम उतरला तर यंत्र पिसाटासारखं फिरेल आणि घराघरांतले बल्ब उडतील. म्हणून उरलेली वीज आपोआप या टाकीतल्या हीटरकडं वळते. त्या फुकटच्या गरम पाण्यात दाजुंच्या मिसेस गोधड्या धुतात. कार्बनच्या कुठल्याही तक्त्यात या गोधड्या नसतील.

तक्त्यावरून आठवलं. रात्री जेवताना मी हिशेब मांडला. वीज यायच्या आधी इथं टुकी, म्हणजे आपली रॉकेलची चिमणी. घराला महिन्याला दोन-तीन लिटर रॉकेल धरलं आणि लिटरमागं अडीच किलो कार्बन डायऑक्साइड, तर वर्षाला साठ ते नव्वद किलो. आम्ही दोघं मुंबईहून विमानानं आलो त्यातच अशा काही घरांच्या वर्षभराच्या चिमण्या जळल्या असतील. दिव्यापुरता कार्बन वाचतो तो इतका चिल्लर आहे की त्याचं कौतुक करायला लाज वाटावी. गरिबाकडं कमी करण्याजोगा धूर मुळात असतोच किती? वाचतात ते डोळे, वाचते ती डिझेल गिरणीची पायपीट. पोरांच्या वह्यांवर काजळी बसत नाही. मला विचाराल तर या केंद्राला कार्बनच्या नावानं पैसे मागायला लावणंच उलटं आहे.

आणि खरी अडचण वेगळीच आहे. मोठी लाइन येऊन पोचलीय. वाटेत प्राधिकरणाचे नवे खांब आम्ही मोजत आलो होतो. लोकांना फ्रीज हवा, इंडक्शन शेगडी हवी आणि पंधरा-वीस किलोवॅटमध्ये शंभरेक घरांच्या इंडक्शन पेटत नाहीत. उन्हाळ्यात तर ओढ्याला निम्मंच पाणी. त्यातही वरच्या शेतकऱ्यानं मक्याला पाट वळवला की संध्याकाळी दिवे पिवळे. आता दिवसा पाणी शेताला, रात्री टर्बाइनला असा तह झालाय, तो अधूनमधून मोडतो. काही घरांत दोन-दोन मीटर. मोठी लाइन आली तशी बाजूच्या खोऱ्यातली दोन केंद्रं कुलूप लावून गंजत पडलीत, हे दाजुंनी अगदी शांतपणे सांगितलं.

एक वाट आहे. नुवाकोटमधलं स्याउरेभूमी हे २३ किलोवॅटचं केंद्र जानेवारी २०१८ मध्ये राष्ट्रीय ग्रीडला जोडलं, देशातलं पहिलं. मग ते वीज विकू लागलं. दाजुंच्या कमिटीलाही तेच करायचंय, पण त्यासाठी लागणाऱ्या कंट्रोल पॅनेलचे पैसे जमत नाहीत. बेअरिंगचे जमतात. निघताना मेव्हण्यानं आपला स्क्रूड्रायव्हर त्यांच्या पेटीत ठेवला. त्यांनी आम्हाला कोदोची रक्षी पाजली. कोदो म्हणजे आपली नाचणी. पुढचं मेव्हण्याला आठवत नाही.

सहावा दिवस : खाली चितवनला

डोकं धरून बस. मुगलिंगपासून नारायणगढपर्यंत नदीच्या कडेनं उतरत गेलो आणि दरवाजा उघडावा तशी गरम हवा आली. तराई. ही गोबरगॅसची जागा. शेणातले जिवाणू थंडीत आळशी होतात, म्हणून वर हिमालयाकडं गॅस धड बनत नाही. इथं बारा महिने चालतं, हिवाळ्यात थोडा कमी.

सातवा दिवस : शेण

तराईतल्या थारू समाजाच्या एका दिदींचं घर, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला. जंगलात सरपणाला जायचं तर गेंड्याची भीती, क्वचित वाघाचीही. परसात मी टाकी शोधत होतो. टाकी नव्हतीच. कोथिंबीर आणि कांद्याच्या वाफ्याकडं बोट करून दिदी म्हणाल्या, "खाली आहे."

इथल्या नमुन्याचं नाव जी.जी.सी. २०४७. मी भविष्यातलं काहीतरी समजलो होतो. ते विक्रम संवताचं साल, म्हणजे १९९०. सगळा घुमट जमिनीखाली, काँक्रीटचा, हलणारा एकही भाग नाही, गंजायला लोखंड नाही. बांधायची रीत तर इतकी झकास की मी वाफ्यातच मांडी घातली. खड्डा खणायचा, कडेनं गोल भिंत बांधायची, मग आत पुन्हा माती भरून तिला उलट्या कढईसारखा आकार द्यायचा. त्यावर काँक्रीट ओतायचं. ते आवळलं की बाजूच्या भोकातून आतली माती टोपल्यांनी उपसून काढायची. साचा म्हणून मातीच, फुकट. आपल्याकडं वरखाली होणाऱ्या टाकीच्या मागं खर्च आणि गंज लागला, तो प्रश्नच यांनी काढून टाकला.

सकाळचं काम दिदींनी करून दाखवलं. सहा घनमीटरच्या प्लांटला रोज छत्तीस किलो शेण आणि तितकंच पाणी. सिमेंटच्या कुंडीत उभा लोखंडी दांडा, खाली पाती, वर हँडल. शेण-पाणी टाकायचं आणि उसाच्या रसाच्या चरकासारखं हँडल फिरवायचं. हात शेणात घालायचा नाही. गुठळ्या मोडल्या की तळाचं बूच काढायचं, पातळ काला गुडगुड करत आत. बाजूला संडासाचाही पाइप आत गेलेला. मेव्हण्यानं ते बघून शेगडीवरच्या चहाकडं एकदा संशयानं पाहिलं आणि मग प्यायला. पाइपात साचणारं पाणी काढायची चावी दिदी आठवड्यातून एकदा उघडतात. नाही उघडली तर ज्योत फडफडते. ज्योत निळी, जवळजवळ अदृश्य. भांड्याची बूडं लख्ख. आजीच्या स्वयंपाकघराची भिंत डोळ्यापुढं आली.

नेपाळमध्ये पहिला गोबरगॅस १९५५ साली फादर सोबोल नावाच्या बेल्जियन पाद्र्यानं गोदावरीच्या शाळेत केला. खरा वेग आला १९९२ नंतर, डचांच्या मदतीनं कार्यक्रम सुरू झाल्यावर. त्यात एक अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. जी कंपनी बांधेल तिनंच तीन वर्षं येऊन बघायचं, चूक निघाली तर तिचेच पैसे कापायचे. आमच्याकडं टाकी बसवून गेलेला माणूस पुन्हा दिसला नव्हता.

मग २००५ च्या डिसेंबरात हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय क्योटो कराराखाली सुमारे एकोणीस हजार प्लांटचे दोन गठ्ठे नोंदले गेले आणि त्यांचा कार्बन विकला गेला. इथं मात्र हिशेब चिल्लर नाही. चुलीतलं लाकूड वाचतं, म्हणून घरटी वर्षाला टनांत जातो. दिदींना मी विचारलं, तुम्हाला काय मिळालं? बांधताना अनुदान मिळालं होतं, म्हणाल्या. एकदा कुणी साहेब कागद घेऊन आले, शेगडी किती तास जळते विचारून गेले. कार्बन शब्द त्यांनी ऐकलाय, पैसे पाहिले नाहीत. ते वर जमा होऊन पुढच्या घरांच्या अनुदानाला जातात. मला यात तक्रार दिसत नाही. दिदींनाही नव्हती. त्यांची तक्रार रेड्याच्या किमतीबद्दल होती.

पण दुपारी गल्लीतून फिरलो तेव्हा पुढचं दिसलं. तिसऱ्या घरी प्लांट आहे, कुंडीत सुका पाला. मुलगा कतारला, म्हैस विकली. म्हातारे म्हणाले, "गोबर छैन, ग्यास छैन." सिलिंडर शेजारी उभा. तोही भारतातून येतो. २०१५ मध्ये भारत-नेपाळ सीमेवरच्या नाकाबंदीत तोही मिळेना, अर्धा भरलेला सिलिंडर रांगेत उभं राहून आणावा लागायचा, तेव्हा याच म्हाताऱ्यांनी शेजाऱ्याचं शेण मागून प्लांट चार महिने चालवला. ते सांगताना ते आमच्याकडं जरा रोखून बघत होते. आम्ही कांद्याच्या वाफ्याकडं बघितलं.

२०२१ च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त घरांनी मुख्य इंधन लाकूड सांगितलं. गोबरगॅस सांगणारी घरं शेकडा एकाच्या आसपास. देशात घरं सहासष्ट लाख आणि बांधलेले प्लांट तीन लाखांहून जास्त, हे दोन आकडे शेजारी ठेवा. बांधलेला प्लांट आणि पेटलेली शेगडी यांच्यामध्ये एक म्हैस उभी असते. ती गेली की घुमट कितीही पक्का असो.

आठवा दिवस : परत

काठमांडूच्या विमानतळावर दोन तास हातात होते. काकांना फोन लावला. म्हटलं, गोठ्यात सध्या काय आहे? "दोन म्हशी, एक रेडकू. का रे?" चार घनमीटरला चोवीस किलो शेण लागतं, तुमच्याकडं एवढं निघतं, फरश्या काढून खड्डा बघू या, टाकी लागत नाही, घुमट करायचा, असं मी एका दमात बोललो. पलीकडं शांतता. मग काकांनी फोन काकूकडं दिला.

"शेण कोण कालवणार?" काकूनं विचारलं.

मी हँडलचं सांगितलं. हात घालायला लागत नाही म्हटलं.

"फोटो पाठव त्याचा. आणि माझं वाळवण कुठं घालू ते आधी सांग."